आमच्या फाट्यावरचा पेट्रोल पंप: माप बरोबर, पण ऐन सोंगणीत डिझेल गायब (साडेतीन स्टार)

पंपाचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, कारण मालक ओळखीचा आहे अन उद्या त्याच्याचकडे उधारीवर डिझेल मागायला जायचं आहे. कारंजा तालुक्यातला आहे, फाट्यावर आहे, एका बाजूला चहाची टपरी अन दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, बस इतकं समजा. हा पंप नव्हता तेव्हा एक कॅन डिझेल आणायला कारंजापर्यंत जा लागे, अर्धा दिवस त्यातच जाये, म्हणून खाली काही वाईट लिहिलं असलं तरी पंप बंद पडावा असं माझं म्हणणं बिलकुल नाही. उलट चालावा, पण नीट चालावा.

झालं असं की दसऱ्याच्या तीन दिवस आधी सोयाबीन सोंगून सुड्या लावून ठेवलेल्या, आभाळ भरून आलेलं, अन थ्रेशरवाला मोठ्या मुश्किलीने तारखेवर मिळालेला. थ्रेशर त्याचं, ट्रॅक्टर माझा. सकाळी सहाला दोन पस्तीसच्या कॅनी घेऊन पंपावर गेलो तर नोझलला पोतं गुंडाळलेलं अन खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं, "डिझेल नाही". पोऱ्याला विचारलं तर म्हणे टँकर येऊन राहिला काका, संध्याकाळपर्यंत येते. संध्याकाळी गेलो तर सकाळी येते. इकडे थ्रेशरवाला वावरात मशीन उभी करून बसलेला, दर दोन तासाला फोन, "भाऊ माहा दिवस जाऊन राहिला, दुसऱ्याचं बुकिंग सोडून तुमच्याकडं आलो." दुसऱ्या दिवशी त्याने सरळ सांगितलं की उभ्या मशीनचे अर्धे पैसे लागतील. अन त्याचं काही चुकीचं नव्हतं, मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं.

डिझेल काहून नव्हतं ते नंतर कळलं. पंपवाल्याला डेपोतून गाडी भरायची तर आधी कंपनीकडे पैसे जमा करा लागतात, उधारीवर गाडी निघत नाही. मालकाचे पैसे गावातल्या उधारीत अडकलेले (त्यात माझेही होते, हे कबूल), त्यात दुसरा शनिवार, रविवार, सोमवारी सुट्टी, बँक बंद. म्हणजे डिझेल डेपोत होतं, टँकर डेपोच्या बाहेर उभा होता, फक्त पैसे पोचले नव्हते. दर वर्षी सोंगणी याच दिवसात येते अन सुट्ट्या बी याच दिवसात येतात, मग चार दिवस आधी गाडी मागवून ठेवायला काय होते? याचा एक स्टार कापला.

आता जे स्टार दिले त्यांची गोष्ट, जी लांब आहे. माझा भाचा तेलाच्या बोटीवर पंपमॅन आहे. फाट्यावरच्या पंपावरचा नाही, समुद्रातल्या टँकर जहाजावरचा. सहा महिन्याचा करार संपवून दसऱ्याला घरी आलेला, ट्रॅक्टर तोच चालवत होता. दोन दिवस माझ्यासोबत पंपाच्या चकरा मारल्या अन टपरीवर बसून बसून त्याने मला जे सांगितलं ते या पंपाच्या रिव्ह्यूत काहून लिहून राहिलो हे पुढे समजेल.

मी वैतागून म्हटलं, सरकारकडे जहाजं आहेत, रिफायनऱ्या आहेत, अन आमच्या फाट्यावर एक टँकर वेळेवर येत नाही. तो हसला. म्हणे मामा, सरकार बी तुमच्यासारखंच मशीन भाड्यानं आणते. मला वाटे तेल आणणारी सगळी जहाजं आपलीच असतील. तसं नाही. सरकारी शिपिंग कॉर्पोरेशन आहे, १९६१ मध्ये दोन सरकारी जहाज कंपन्या एकत्र करून झालेली, तिच्या टँकरांची नावं 'देश' वरून राहतात, देश वैभव, देश विराट अशी. पण आपण कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांच्या वर भाग बाहेरून आणतो, तेवढं तेल वाहायला घरची जहाजं कुठून पुरणार, मग बाहेरची जहाजं चार्टर करा लागतात. चार्टर म्हणजे भाड्याने. सरकारी मालासाठी जहाज ठरवायचं काम १९५७ च्या आसपासपासून दिल्लीत जहाज मंत्रालयाची ट्रान्सचार्ट नावाची शाखा करत आली, नंतर तेल कंपन्यांना आपापलं जहाज ठरवायची मोकळीक मिळत गेली.

भाड्याच्या तीन पद्धती त्याने सांगितल्या अन मी त्याला अर्ध्यातच थांबवलं, म्हटलं हे तर आमच्याच गावातलं आहे रे. पहिली व्हॉयेज चार्टर, म्हणजे एका खेपेचा ठराव, इतका माल इथून तिथे पोचवायचे इतके पैसे, जहाजाचं इंधन, खलाशी, बंदराचा खर्च सगळं जहाजवाल्याचं. हे म्हणजे ट्रॅक्टर-डिझेल-माणसं सकट आलेला थ्रेशरवाला पोत्यामागे पैसे घेते तसं. दुसरी टाइम चार्टर, जहाज सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं, रोजाचं भाडं, खलाशी मालकाचे पण इंधन अन बंदराचा खर्च घेणाऱ्याचा. हे म्हणजे तासावरचा रोटाव्हेटर, ड्रायव्हर आमचा, डिझेल तुमचं. तिसरी बेअरबोट, नुसतं रिकामं जहाज घ्यायचं अन खलाशी बी आपलेच ठेवायचे, म्हणजे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चाबीसकट मागून आणला अन आपला पोरगा बसवला, काही मोडलं तर आपण भरायचं. भाचा म्हणे मामा, मुंबईत कोर्सला आम्हाला हे शिकवायला आठ दिवस लागले होते.

मग मी विचारलं की उभ्या मशीनचे पैसे तिकडे बी लागतात का. हाव, म्हणे, अन त्याला डेमरेज म्हणतात. टँकरच्या खेपेच्या ठरावात बहुतेक वेळा भरायला अन खाली करायला मिळून ७२ तास धरलेले राहतात. जहाज बंदराबाहेर पोचलं की कॅप्टन नोटीस देतो, आम्ही तयार आहोत. त्यानंतर साधारण सहा तासांनी घड्याळ सुरू. धक्का रिकामा नाही, टाकीत जागा नाही, कागद आले नाहीत, तो जहाजवाल्याचा प्रश्न नाही, ७२ च्या वर गेलं की मीटर पडते अन मोठ्या जहाजाचं एका दिवसाचं डेमरेज आपल्या गावाच्या सगळ्या सोयाबीनच्या वर जाते. कोण किती वाजता काय केलं याची नोंद मिनिटामिनिटाची, पाइप कधी जोडला, पंप कधी सुरू झाला, पाऊस-वाऱ्याने कधी थांबला. मग त्यावरून महिनोन्‌महिने भांडणं चालतात. मला एकदम थ्रेशरवाल्याची दया आली. तो बिचारा अर्धेच मागत होता.

दराचं बी सांगितलं, ते मला आवडलं म्हणून लिहितो. जगातल्या कोणत्या बंदरातून कोणत्या बंदरात न्यायचं तर टनामागे किती, असा एक दरवर्षीचा तक्ता निघते, वर्ल्डस्केल म्हणतात. तो दर म्हणजे १००. बाजारात जहाजं रिकामी पडली असली की ६० वर सौदा होतो म्हणजे साठ टक्के, टंचाई असली की १५०, २०० वर. आमच्याकडे बी सोंगणीच्या आधी पारावर बसून मळणीचा एक दर निघते अन मग ज्याची गरज तसा कमी-जास्त होते, आभाळ आलं की जास्तच होते. अन सरकारी मालात भारतीय जहाजाला एक सवलत राहते, टेंडरमध्ये बाहेरच्याचा दर सगळ्यात कमी आला तरी तोच दर भारतीय जहाजवाला द्यायला तयार असला तर काम आधी त्याला. पण आपल्या जहाजवाल्याला तो दर परवडत नाही अशी जुनी ओरड, म्हणून जुलै २०२१ मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी १,६२४ कोटींची सबसिडी मंजूर केली होती. शेतकऱ्याला सबसिडी दिली की लोकं बोंबलतात म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला.

टपरीवाला मधातच बोलला, भाड्याच्या बोटीला काही झालं तर? भाच्याने न्यू डायमंडचं सांगितलं. सप्टेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने चार्टर केलेलं पनामाच्या झेंड्याचं जहाज, कुवेतहून पाराद्वीपला जवळपास २ लाख ७० हजार टन कच्चं तेल घेऊन निघालेलं, श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ इंजिन रूममध्ये आग लागली, फिलिपिन्सचा एक खलाशी गेला. आपलं कोस्ट गार्ड, नेव्ही अन श्रीलंकेवाले बरेच दिवस पाणी मारत होते, माल भरलेल्या टाक्यांपर्यंत आग गेली नाही म्हणून निभावलं. अन जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या खाडीत मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरवर मिसाईल पडलं, त्यावर २२ पोरं आपली होती, नेव्हीच्या आयएनएस विशाखापट्टणमची टीम जाऊन आग विझवायला लागली. भाचा तेव्हा दुसऱ्या जहाजावर होता, त्यांनी लाल समुद्र सोडून पूर्ण आफ्रिकेला वळसा घातला, दहा-बारा दिवस जास्त. माझी बहीण त्या महिन्यात रोज महादेवाला पाणी घाले, एवढंच मला माहीत होतं. बाकी आम्हाला तो जानेवारी आठवते तो ट्रकवाल्यांच्या संपाने. हिट अँड रनच्या कायद्यावरून टँकरवाले थांबले अन १ अन २ जानेवारीला पंपापंपावर लायनी, याच पंपावर रस्त्यापर्यंत मोटरसायकली अन जो तो बिसलेरीची बाटली घेऊन उभा. समुद्रात काही झालं तर आम्हाला आठ-पंधरा दिवस पत्ता लागत नाही, पण अकोल्याकडून निघालेला टँकर अडला की चोवीस तासांत हाल सुरू.

तर दुसऱ्या दिवशी साडेदहाला टँकर आला. इथून पंपाचं कौतुक सुरू होते, नीट वाचा. मला वाटलं आला की लगेच पाइप लावून टाकतील अन आम्हाला देतील, पन्नासेक कॅनी लायनीत होत्या अन लोकं कल्ला करून राहिले होते. पण मॅनेजर पोरगा शांत. गाडी सपाट जागेवर लावली, अर्थिंगची तार जोडली, आग विझवायचं लाल सिलिंडर समोर आणून ठेवलं, रेतीच्या बादल्या सरकवल्या, अन डिझेल गाडीत हललेलं असते म्हणून स्थिर होईपर्यंत थांबा म्हणे. मागून एक जण ओरडला, "अबे रात होईल का आता!" तरी थांबला. मग सील पाहिले, झाकण उघडून प्रत्येक कप्प्यात रॉड टाकला, काचेच्या जारमध्ये डिझेल काढून हायड्रोमीटर सोडला, थर्मामीटर लावला, तक्त्यात १५ डिग्रीला घनता किती येते ते काढलं अन चलनावरच्या आकड्याशी लावून पाहिलं. तीनच्या वर फरक असला तर गाडी उतरवून घ्यायची नसते.

भाचा टपरीवरून उठून जाऊन त्याच्या बाजूला उभा राहिला. रॉडच्या खालच्या टोकाला पोऱ्याने एक पेस्ट फासली, तळाला पाणी असलं तर तिचा रंग बदलते. रॉड वर आला, रंग तसाच. भाचा म्हणे मामा, ही पेस्ट आमच्याकडे बी हीच. फक्त तुमचा रॉड माणसाच्या उंचीचा अन आमच्या टाक्या तीन-चार मजली घराएवढ्या, म्हणून आम्ही टेप सोडतो. तिथं बी तेल नाही मोजत, वरची रिकामी जागा मोजतात, तापमान घेतात, १५ डिग्रीचा हिशोब लावतात, अन दोन्हीकडचे सर्वेयर सही करतात. मॅनेजर पोराने हे ऐकलं तर असा खुलला की विचारू नका, नाही तर त्याचं काम पाहून आजपर्यंत लोकांनी त्याला शिव्याच दिलेल्या.

मग मी ते केलं जे चार वर्षांत कधी केलं नव्हतं. पाच लिटरचं माप मागितलं. पंपावर ते ठेवाच लागते, वजनमापेवाल्यांचा शिक्का मारलेलं, गिऱ्हाईक मागेल तर दाखवा लागते, हे माहीत असून आपण मागत नाही, कारण मागे लायन राहते अन लोकं आपल्याकडे पाहतात. पोऱ्या एका शब्दाने बोलला नाही. माप आणलं, आधी डिझेलने ओलं करून ओतून दिलं, मशीनवर पाच सेट केलं, सोडलं. फेस बसू दिला. मापाच्या गळ्यावरच्या रेषेच्या किंचित खाली आलं, भाच्याने डोळा रेषेच्या पातळीत नेऊन पाहिलं, म्हणे वीस मिली कमी असंल. मी लगेच चवताळलो, पण मॅनेजर म्हणे काका पाच लिटरला पंचवीस मिली वर-खाली चालते, त्याच्या बाहेर गेलं तर मशीन बंद करा लागते. म्हणजे अर्धा टक्का.

हे अर्धा टक्का ऐकून भाचा हसायलाच लागला. जहाजाच्या बऱ्याच ठरावांत बी हाच आकडा राहते म्हणे. भरलं तेवढं उतरत नाही, काही वाफेत जाते, काही टाकीच्या भिंतीला चिकटते, काही मोजण्यातला फरक, तर अर्ध्या टक्क्यापर्यंत कोणी बोलत नाही, त्याच्या वर कमी आलं तर भाड्यातून पैसे कापतात. मी टपरीवरच्या पेपरच्या कागदावर हिशोब मांडला. माझ्या पस्तीसच्या कॅनीत वीस मिलीच्या हिशोबाने १४० मिली कमी, म्हणजे एका चहाचे पैसे. अन मोठ्या जहाजात, व्हीएलसीसी म्हणतात, २० लाख बॅरल कच्चं तेल येते, बॅरल म्हणजे १५९ लिटर, म्हणजे ३१ कोटी ८० लाख लिटर, त्याचा अर्धा टक्का १५ लाख ९० हजार लिटर. फाट्यावर येते तसे वीस हजार लिटरचे जवळपास ८० टँकर, अन कोणी बोलायचं नाही! टपरीवाला म्हणे मग तुम्ही चहाच्या पैशासाठी काहून भांडून राहिले.

पण एक गोष्ट मला अजून पटली नाही. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत तळाला काही डिझेल राहतेच, ते नोझलला येत नाही, अन आणूही नये कारण गाळ-पाणी तिथेच बसते. म्हणजे "डिझेल नाही" चा पुठ्ठा लागला होता तेव्हा बी टाकीत डिझेल होतं. भाच्याचं काम नेमकं हेच आहे, जहाज खाली होत आलं की तळाचं शेवटचं शेवटचं ओढून काढायचं, वाकून, घामाघूम होऊन, कधी रात्री तीनला. मग सर्वेयर येऊन टाकी पाहते अन कोरडी म्हणून कागद देते. तळाला काढता येण्यासारखं तेल ठेवलं तर जहाजवाल्याच्या पैशाला कात्री. मी मॅनेजरला म्हटलं पहा, समुद्रात शेवटचा थेंब काढतात, तर तो म्हणे काका ते कच्चं तेल असते, पुढं रिफायनरीत जाते, हे तुमच्या ट्रॅक्टरच्या पंपात जाईल, नोझल-फिल्टरचा खर्च मला मागाल. गप बसलो.

बाकीचं भराभर लिहितो. भाव सगळीकडे तोच, फलकावर लिहिलेला, त्यात पंपवाल्याचा हात नाही. पोरं चांगली बोलतात, झिरो पाहा काका म्हणून दाखवतात, पण गर्दीत एक जण अटकून अटकून भरते, मधात सोडते, परत दाबते, त्याच्यावर लक्ष ठेवा. फोन पे चं स्कॅनर चालते पण रेंज टपरीजवळच येते, मेसेज दाखवायला चालत परत या. उधारी देतात, वही आहे, कापूस विकल्यावर द्या म्हणतात, अन याच उधारीने त्यांची गाडी डेपोत अडते हे मला या वेळी समजलं, म्हणून मी माझे १२ हजार त्याच दिवशी देऊन टाकले. संडास आहे, कुलूप आहे, चाबी मालकाकडे आहे, मालक कारंजाला राहते. हवेचं मशीन उद्घाटनाच्या दिवशी चालताना पाहिलं होतं. तक्रारवही मागितली तर दिली, त्यात माझ्या आधी फक्त एक नोंद होती अन ती बी "सेवा उत्तम" अशी, अक्षर मालकाच्या पोराचं वाटते.

थ्रेशर दुपारी दोनला सुरू झालं, रात्री एकपर्यंत चाललं, ट्रॅक्टरच्या लाइटात, भाचा तोंडाला दुपट्टा बांधून पोते धरत होता अन पाऊस पहाटे आला, शेवटच्या दोन सुड्या तेवढ्या भिजल्या. थ्रेशरवाल्याला उभ्या दिवसाचे अर्धे पैसे दिले. भाच्याने त्याला विचारलं की तुमचं घड्याळ किती वाजता सुरू झालं होतं, तर तो म्हणे मी घड्याळ नाही लावत बाप्पा, मी सूर्य पाहतो.

एक स्टार डिझेल नसल्याचा कापला, अर्धा हवेचा अन संडासाच्या कुलपाचा. साडेतीन. माप, घनता अन त्या मॅनेजर पोराला पुरे मार्क. सोंगणीत जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून टँकर निघाला का ते विचारा, "येऊन राहिला" म्हटलं तर नाही निघाला असं समजा, "गायगाव सुटला" (म्हणजे अकोल्याकडच्या डेपोतून निघाला) म्हटलं तर कॅनी घेऊन निघा.